पासष्ट मिलिमीटरच्या नादाने

आमच्याकडे पावसाळ्यात 65 हा आकडा शाळकरी पोरालाही माहीत असतो. महसूल मंडळात, म्हणजे वीस-पंचवीस गावांच्या सरकारी गटात, 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला की ती अतिवृष्टी. मग पंचनामा, मग नुकसान 33 टक्क्यांच्या वर दिसलं तर मदत. 64 नोंदला तर तो नुसता चांगला पाऊस.

मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडच्या एका गावात सेवा केंद्र चालवतो. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विम्याचे अर्ज, लाईटबिल, जे येईल ते. घरची थोडी शेती आहे, कापूस, तूर अन् सोयाबीन. जुलै लागला की टेबलासमोर उभा राहणारा दर दुसरा माणूस एकच विचारतो, "भाऊ, आपल्या मंडळात किती दाखवून रायला?" मी आकडा पाहून सांगायचो. समोरचा म्हणायचा, "असं कसं गा? माह्या वावरात त धुरे फुटले." धुरे म्हणजे शेताचे बांध. याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि आकडा माझ्या तोंडून निघाल्यामुळे शिव्याही मलाच.

पुण्याला शिकणाऱ्या मामेभावाने डिसेंबरात एक लिंक पाठवली. अमेरिकेतल्या एका कॉलेजचा पहिल्या वर्षाचा कोर्स, हवामानशास्त्राची तोंडओळख. ऑनलाईन, जानेवारी ते मे. शिकायला पैसे नाहीत, प्रमाणपत्र पाहिजे असेल तर फी. बारावी सायन्सनंतर पुस्तकाशी माझा संबंध तुटलेला. पण म्हटलं पाहू, नाही जमलं तर कोण विचारतं.

जानेवारीत आमच्या फीडरला थ्री फेज रात्रीची होती. गव्हाला पाणी द्यायला रात्री वावरात जावंच लागतं, तर दिवसा केंद्रावर व्हिडिओ उतरवून ठेवायचे आणि रात्री मोटार चालू करून धुऱ्यावर बसून पाहायचे, असा माझा वर्ग भरायचा. बाई छान शिकवायच्या, पण त्यांचं इंग्रजी कानाला सवयीचं नव्हतं. खाली अक्षरं येतात म्हणून निभावलं. दर आठवड्याला एक चाचणी. तिची मुदत त्यांच्याकडे रविवारी रात्री 11.59 ला संपायची, म्हणजे आपल्याकडे सोमवारी सकाळी 10.29. मार्चमध्ये त्यांनी त्यांची घड्याळं एक तास पुढे केली आणि आमची मुदत आपोआप साडेनऊवर आली. सोमवार म्हणजे आमच्या केंद्रावर गर्दीचा वार. एका हाताने लोकांचे अंगठे घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने ढगांचे प्रकार निवडायचे, असे काही सोमवार गेले.

सुरुवातीला सगळ्यात जास्त छळलं ते फॅरनहाइट अन् इंचांनी. आपलं 45 म्हणजे त्यांचं 113. आपले 65 मिलिमीटर म्हणजे त्यांचे अडीच इंच अन् वर थोडंसं. मी एका पुठ्ठ्यावर कोष्टक लिहून भिंतीला लावलं. येणारे-जाणारे त्याला पीक विम्याचे दर समजून वाचायचे.

पहिले काही आठवडे हवेतले वायू, सूर्याची उष्णता, ऋतू कसे होतात, हे सगळं शाळेतलंच जरा वाढवून. त्यात एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात पक्की बसली. आपल्याकडे 25 मेपासून नवतपा धरतात. सूर्य रोहिणीत गेला, आता नऊ दिवस तापणार. कोर्सच्या एका गणितात आपापल्या गावाचा अक्षांश टाकून सूर्य डोक्यावर कधी येतो ते काढायचं होतं. नागपूरसाठी उत्तर आलं 26 मेच्या आसपास, आमच्यासाठी त्याच्या चार-पाच दिवस आधी. म्हणजे नवतपा म्हणतात तेव्हा दुपारी सावली खरोखरच पायाखाली असते. सूर्य तसाच पुन्हा जुलैत डोक्यावर येतो, पण तेव्हा ढग असतात, म्हणून त्या दिवसांचं कोणी नाव ठेवलं नाही. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मंग यात नवीन काय सांगतलं?" तिचंही बरोबर होतं.

मध्ये शीत आघाडी, उष्ण आघाडी (थंड अन् गरम हवा जिथे भिडते त्या सीमा), बर्फाचा पाऊस, गोठणारा पाऊस असा मोठा लांबलचक भाग आला. नकाशावर निळ्या त्रिकोणांच्या आणि लाल अर्धगोलांच्या रेघा. मला वाटलं, आपल्या काय कामाचं हे? ज्याने आयुष्यात बर्फ पाहिला तो रसवंतीवरचा. पाठ करून चाचणी देऊन टाकली. त्याच दिवसांत इकडे ढग भरून आले आणि शेजारच्या शिवारात गारा पडल्या. हरभरा काढणीला आलेला, गहू ओंब्यांवर. पेपरात बातमी होती, उत्तरेकडे पश्चिमी चक्रवात आणि बंगालच्या उपसागरावरून येणारे बाष्प. ती बातमी मी आधीही दरवर्षी वाचायचो, पण आता नकाशा डोळ्यांपुढे आला. तो पश्चिमी चक्रवात म्हणजे त्या थंड देशांतल्या वादळांचाच चुलत भाऊ. हिवाळ्यात तो हिमालयाला बर्फ देत पूर्वेला सरकतो, त्याच्यामागून वरच्या थरांत थंड हवा येते. खाली आपली तापायला लागलेली जमीन, त्यात उपसागरावरून आलेली ओल. खाली गरम-ओली आणि वर गार-कोरडी हवा आली की खालची उसळून वर जाते, आणि ढग इतका उंच चढतो की पाण्याचे थेंब गोठून खाली-वर होत राहतात. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात गारपिटीने जो कहर केला होता, तो आमच्याकडे अजून लोकांच्या बोलण्यात असतो. तो का झाला असावा, हे त्या नको वाटणाऱ्या धड्यात होतं. मी तो भाग परत पहिल्यापासून पाहिला.

एप्रिलात आर्द्रतेचा पाठ होता, त्याला घरगुती प्रयोग. दोन थर्मामीटर, एकाच्या टोकाला ओलं फडकं. फडक्यातलं पाणी उडून जाताना उष्णता घेतं, म्हणून ओला थर्मामीटर खाली येतो. हवा जितकी कोरडी, तितका जास्त खाली. दुपारी सावलीत कोरडा 42 आणि ओला 21. तक्त्यात पाहिलं तर आर्द्रता 12-13 टक्के. आपला कूलर हेच करतो. 42 च्या हवेला तो फार तर त्या 21 च्या दिशेने नेऊ शकतो, 25-26 पर्यंत आणला तरी जिवाला बरं वाटतं. पावसाला सुरुवात झाल्यावर मी तोच प्रयोग पुन्हा केला, कोर्स संपला होता तरी. कोरडा 33, ओला 27. आर्द्रता साठीच्या वर. आता कूलरने कितीही जोर लावला तरी 27 च्या खाली तो जाऊच शकत नाही, वर खोलीतली ओल वाढवतो. आमच्या घरी दर जूनला "कूलर बिघडला, ताट्या बदला" असा वाद होतो. यंदा मी ताट्यांचे, म्हणजे कूलरच्या गवती पॅडचे, पैसे वाचवले. घरच्यांना पटलं असं नाही म्हणणार.

चिखलदऱ्याचं कोडंही त्याच पाठात सुटलं. कोरडी हवा वर चढताना शंभर मीटरला जवळजवळ एक अंश थंड होते. परतवाड्याहून घाट चढून आपण सातशेच्या आसपास मीटर वर जातो. मे महिन्यात खाली 43 असताना वर 36-37 का, ते या साध्या गुणाकारात बसतं.

आता ज्याच्यासाठी मी या फंदात पडलो होतो तिकडे येतो. मला वाटलं होतं, पाऊस मोजण्यावर एखादा मोठा धडा असेल. तसा नव्हताच. पाऊस मोजणं त्यांनी अर्ध्या पानात उरकलं. माझं उत्तर मला तीन वेगवेगळ्या ठिकाणी तुकड्या-तुकड्याने सापडलं.

पहिला तुकडा वेळेचा. बाई एकदा सहज सांगून गेल्या की जगभरातली हवामान केंद्रं आपापल्या गावच्या घड्याळावर चालत नाहीत, सगळी ग्रिनिचच्या वेळेवर नोंद घेतात, 0, 3, 6, 9 अशी, म्हणजे सगळ्या जगाचा नकाशा एका क्षणाचा बनतो. मी गणित केलं. ग्रिनिचचे 3 म्हणजे आपले सकाळी 8.30. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ का असतो, याचं मूळ इथे आहे. आपण मात्र पाऊस कॅलेंडरच्या तारखेने लक्षात ठेवतो. पहाटे चारला धरलेली झड सकाळी अकरापर्यंत चालली आणि एकूण 90 मिलिमीटर पडली, तर शेतकऱ्यासाठी ती एकच झड. नोंदीत साडेआठच्या आधीचे 50 एका दिवसात जातील आणि नंतरचे 40 दुसऱ्या दिवसात. 65 कुठेच होणार नाही. यात कोणाची लबाडी असेलच असं नाही. धुरे मात्र फुटलेले असतात.

दुसरा तुकडा ढगाच्या आकाराचा. दुपारी तापून उठणारा गडगडाटी ढग काही किलोमीटर रुंदीचा असतो आणि त्याचं आयुष्य अर्धा-एक तास. आमच्या मंडळात वीस-पंचवीस गावं, मोजणारं यंत्र एक. ढग आमच्या नाल्यावरून गेला आणि यंत्र असलेल्या गावावरून नाही, तर तिथे शून्य आणि इथे पूर. उलटही होतं, तेव्हा कोणी माझ्याकडे तक्रार घेऊन येत नाही. झड असते ती वेगळी. उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार होतो, ओडिशा-छत्तीसगड करत पश्चिम-वायव्येला विदर्भावर येतो, आणि त्याचे ढग शेकडो किलोमीटर पसरलेले असतात. तेव्हा एका यंत्राचा आकडा बराच खरा धरता येतो. म्हणून आधी विचारायचं, पाऊस कसला होता? झडीचा की वळवासारखा?

तिसरा तुकडा अंदाजाच्या भाषेचा, आणि तो कोर्सच्या बाहेर शोधावा लागला. तिकडे पावसाची शक्यता टक्क्यांत सांगतात, 30 टक्के, 60 टक्के. आपल्याकडे "तुरळक ठिकाणी", "काही ठिकाणी", "बऱ्याच ठिकाणी" असं येतं. मी समजत होतो की ही बोलण्याची पद्धत आहे. पण त्याला मोजमाप आहे. तुरळक म्हणजे त्या भागातल्या फार तर 25 टक्के केंद्रांवर पाऊस, काही ठिकाणी म्हणजे 26 ते 50, त्याच्या पुढे 51 ते 75. "यवतमाळ जिल्ह्यात तुरळक ठिकाणी पाऊस" असं सांगितलं आणि चारातल्या तीन गावांत थेंब पडला नाही, तरी अंदाज बरोबरच निघाला. हे मी केंद्रावर बसलेल्या चार जणांना समजावून सांगितलं. नाना म्हणाले, "म्हंजे चूक निंगूच नये असं बोलतेत ते." याच्यावर मी बराच विचार केला. चूक निघू शकते, पण त्यासाठी सगळ्या केंद्रांचे आकडे समोर पाहिजेत, एका गावातून ती पकडता येत नाही.

अंदाजाची परीक्षा कशी घ्यायची, यावर कोर्समध्ये एक छोटा पण फार कामाचा भाग होता. आधी लिहून ठेवा, मग तपासा, आणि बरोबर निघालेले जसे मोजता तसे चुकलेलेही मोजा. आमच्याकडे बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळच्या घटमांडणीवर अजून लोकांचा जीव आहे. अक्षय तृतीयेला वावरात घट मांडतात, चार महिन्यांची चार ढेकळं ठेवतात, दुसऱ्या दिवशी पहाटे पाहून पीकपाणी सांगतात. मी त्याची टिंगल करणार नाही, आमचे आजोबा त्याच्यावर पेरणीचा बेत करायचे. पण "ऑगस्टमध्ये कुठे कमी, कुठे जास्त" हे वाक्य तपासायचं कसं, ते मला कोणी सांगावं. आणि हाच प्रश्न मी यूट्यूबवर जूनपासून दिवाळीपर्यंतच्या तारखा सांगणाऱ्यांनाही विचारीन.

दर विद्यार्थ्याने काही दिवस रोजची नोंदवही ठेवायची होती: तापमान, ढग, वारा, पाऊस. उन्हाळ्यात पावसाच्या रकान्यात शून्यच. तरी मी मोजायचा डबा करून ठेवला. नरसाळं लावलेली बाटली घेऊ नये, कारण नरसाळ्याचं तोंड रुंद आणि बाटली अरुंद, आकडा फुगतो. सरळ उभ्या भिंतीचा, सपाट बुडाचा स्टीलचा डबा, तोंड जमिनीपासून साधारण 30 सेंटिमीटर वर, घरापासून आणि झाडापासून लांब, अंतर त्यांच्या उंचीच्या दुप्पट तरी. आत पट्टी. गावात यावरून मोठा वाद झाला. "मोठा डबा ठेवला त जास्त पानी भरन ना?" भरेल, पण पसरेलही तितकंच, उंची सारखीच राहते. पटावं म्हणून पहिल्या पावसात शेजारी-शेजारी एक डबा आणि एक सपाट बुडाचं मोठं पातेलं ठेवलं. दोन्हींत पट्टी बुडवून पाहिली, तेव्हा कुठे लोक गप्प झाले.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एकरात 4,047 चौरस मीटर. 65 मिलिमीटर म्हणजे एकरी 2 लाख 63 हजार लिटर, दहा हजार लिटरचे 26 टँकर. हा हिशेब फळ्यावर लिहिला तेव्हा केंद्रात पहिल्यांदा शांतता झाली. पेरणीआधी 75 ते 100 मिलिमीटर होऊ द्या, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं. त्याचं वजनही या हिशेबाने कळतं, कारण आपली काळी माती हे पाणी खोलवर पिऊन ठेवते. पहिल्या 20 मिलिमीटरवर सरकी टोकायची आणि मग आठवडाभर आभाळाकडे पाहायचं, हे ज्याने केलंय त्याला जास्त सांगायला नको.

शेवटच्या आठवड्यांत एल निनो आला. पॅसिफिक महासागरातलं पाणी तापलं की आपला मान्सून दबतो, एवढं टीव्हीवरून माहीत होतं. बाईंनी गिल्बर्ट वॉकर यांचं नाव अर्ध्या मिनिटात घेतलं आणि पुढे गेल्या. मी तिथे थांबलो. हा इंग्रज गणिती 1904 ते 1924 भारताच्या हवामान खात्याचा प्रमुख होता, आणि आपला मान्सून आधी सांगता येईल का, हे शोधताना त्याला पॅसिफिक आणि हिंदी महासागरावरच्या हवेच्या दाबाचा वरखाली होणारा झोका सापडला. जगभर शिकवतात ते वॉकर यांचं अभिसरण, म्हणजे पॅसिफिकवरचं हवेचं पूर्व-पश्चिम चक्र, आपल्या दुष्काळाच्या काळजीतून निघालंय. खातं स्थापन झालं 1875 ला, आणि लगेच 1876-78 चा भयंकर दुष्काळ. हे त्यांच्या धड्यात असायला पाहिजे होतं, असं माझं मत. आणि एल निनो म्हणजे दुष्काळच, असंही नाही. 1997 ला तो फार जोराचा होता, तरी देशातला पाऊस सरासरीला धरून राहिला. 2023 ला मात्र ऑगस्ट 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा गेला.

हवामानबदलाच्या पाठाआधी बाईंनी एक नियम सांगितला: एका उन्हाळ्यावरून बोलू नका, निदान 30 वर्षांची सरासरी घ्या. मे 2024 च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले होते. आमच्या गावच्या ग्रुपवर तो फोटो धडाधड फिरला. नंतर खात्याने सांगितलं, सेन्सर बिघडला होता. नागपूरचा 2013 चा 47.9 चा आकडा पुरेसा भाजणारा आहे, खोट्या 56 ची गरज नाही. उलट असे आकडे खोटे निघाले की लोक खऱ्या वाढीवरही विश्वास ठेवत नाहीत. हवेतला कार्बन डायऑक्साइड 1958 ला हवाईतल्या मौना लोआवर मोजायला लागले तेव्हा 315 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 315) आसपास होता, आज 420 च्या पुढे. हा आलेख पाहिला की वाद घालायला फारशी जागा राहत नाही.

परीक्षा मेमध्ये झाली. भर दुपारी, डीपी जळालेली, लॅपटॉप इन्व्हर्टरवर आणि मी ओल्या दुपट्ट्यात. चक्रीवादळं, टोर्नेडो, हवामानाचे प्रदेश असं सगळं विचारलं. पास झालो. प्रमाणपत्राची फी डॉलरमध्ये होती, ती भरली नाही.

कोणी करणार असेल तर दोनच गोष्टी. बारावीची भौतिकशास्त्राची वही जवळ ठेवा, गणित जास्त नाही पण दाब आणि उष्णता लागते. आणि मान्सूनची अपेक्षा ठेवू नका, साऱ्या कोर्समध्ये त्याला एकच व्हिडिओ होता. ते आपल्याला हवामान खात्याच्या आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या साहित्यातून भरून काढावं लागतं.

आता कोणी "किती दाखवून रायला" विचारलं की मी आधी उलट विचारतो, पाऊस किती वाजता लागला अन् किती वाजता उघडला. मग मंडळाचा आकडा, मग डब्याचा. अर्ज लिहिताना दोन्ही दिवसांची नोंद, वेळेसह, वर्णनात टाकतो. त्याने मदत मिळतेच असं नाही, पण पंचनाम्याला आलेल्या माणसाशी बोलताना शेतकऱ्याच्या हातात काहीतरी असतं. आजूबाजूच्या गावांतल्या पोरांनीही यंदा डबे लावलेत. दोघं नीट साडेआठला वाचून फोटो पाठवतात. तिसऱ्याचा डबा बकरीने दोनदा पाडला, आता त्याला कुंपण करायचं चाललंय.